चौथं चाक पोस्टानं येणार होतं

तुम्ही चाकं मोजलीत, साहेब. छप्पर बघितलं नाहीत, दारं बघितली नाहीत, आत कोण बसलंय ते तर नाहीच नाही. चारापेक्षा कमी चाकं असली की मोटरसायकल आणि चार झाली की मोटार, असा नियम तुम्ही कुठल्या तरी उबदार खोलीत बसून लिहिलात आणि जेवायला घरी गेलात. तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही. नियमाखाली नाव नसतं, हीच तुमची सोय. पण १९८४च्या ऑक्टोबरात मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या पोतनीसांच्या घरी जो घोळ झाला तो तुमचा आहे, आणि तो तुम्हाला पहिल्यापासून ऐकून घ्यावा लागेल.

हेमचंद्र पोतनीस डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कंपनीत बारा वर्षं इंजिनिअर होता. "मी इथे गाड्या बनवतो," असं त्याने पहिल्याच पत्रात लिहिलं, आणि महाडात त्याच्या आईने, सुमित्राबाईंनी, ते पत्र पोस्टमनपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. पत्रात खोटं काही नव्हतं. गाडीचा कुठला भाग बनवतो, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आल्या. विमानतळाच्या पार्किंगमध्ये हजारभर गाड्या उभ्या होत्या. आईंनी पिशवी खाली ठेवली.

"यातली तुझी कुठली?"

हेमचंद्रने इकडेतिकडे बघितलं. एका निळ्या गाडीपाशी जाऊन त्याने मागच्या डाव्या दारावर बोट ठेवलं.

"हे लॉक."

"म्हणजे कडी?"

"कडीच. पण आतली. बाहेरून दिसत नाही."

"आणि उजव्या दाराची?"

"ती दुसरा माणूस करतो."

आईंनी त्या दाराची कड चाचपून बघितली. मग म्हणाल्या, "हेमू, आपला एकनाथ सुतार सकाळी येऊन माप घेतो आणि जेवायच्या आत कडी बसवून जातो रे. तुला बारा वर्षं लागली?"

बायको रेखा गाडीच्या डिकीत तोंड घालून उगाच सामान लावत बसली. तेरा वर्षांची सुलेखा मात्र मोकळेपणाने हसली. "आजी, यू आर ब्रूटल," ती म्हणाली. आजीला कळलं नाही, बापाला कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात हेमचंद्रने एका मासिकातली जाहिरात कापून किट मागवलं. फायबरग्लासचं अंग, नळ्यांचा सांगाडा, नकाशे, सगळं पोस्टाने आणि पार्सलने, खोक्याखोक्यांतून येणार. इंजिन त्याने भंगारवाल्याकडून आणलं, एका आपटलेल्या जपानी मोटरसायकलीचं, साडेसातशे सीसी. चाकं तीन. पुढे दोन, मागे एक, आणि मागच्याला इंजिनची साखळी. तीनच का? कारण घरी बनवलेल्या चारचाकीला तुमचे नियम बाडभर, आणि तीनचाकीला पानभर. तीनचाकी तुमच्या लेखी मोटरसायकल. ही फट तुमच्याच नियमातली आहे, साहेब. हेमचंद्र फक्त तिच्यातून गेला.

उन्हाळाभर गराजमध्ये काम चाललं. आई घडीच्या खुर्चीवर बसून नटबोल्टांचे पाने हातात देत. इंजिन जपानी म्हणून त्याचे पाने मिलिमीटरचे, सांगाडा अमेरिकन म्हणून त्याचे इंचाचे. आईंनी दोन थाळ्या केल्या. जपानी पाने स्टीलच्या थाळीत, अमेरिकन पाने परातीत, आणि एकाला दुसऱ्याचा स्पर्श म्हणून होऊ द्यायचा नाही. सोवळ्याओवळ्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला, असं रेखा म्हणायची. फायबरग्लासचे सांधे भरायची लांबी हेमचंद्रला नीट जमेना. कधी दगड व्हायची, कधी ओघळायची.

"पुरण करतोयस का पिठलं?" आईंनी एके दिवशी कालवायची पट्टी हातातून घेतली. "सरक. उलथनं उभं राहिलं की झालं."

त्या दिवसापासून लांबी आईंनी कालवली. अख्ख्या गाडीला नंतर कुठे तडा गेला नाही.

"घरभर रेझिनचा वास सुटलाय," रेखा म्हणायची. "परवा मंडळात सरलाताई विचारत होत्या, नवीन सेंट का?"

"मग काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. काय सांगू, सासू आणि नवरा मिळून गराजमध्ये होडी करतायत?"

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी झाली. झेंडूच्या रंगाची, दोन माणसांची, पुढून बेडकासारखी फताडी आणि मागे निमुळती. चावी फिरवली की मोटरसायकलीसारखी भुंकायची. आईंचं परतीचं विमान रविवारी. गुरुवारी अकरा वाजता सरकारी तपासणी. ती झाली की नंबर, आणि नंबर आला की शुक्रवारी आईला शेजारी बसवून तळ्यापर्यंत जायचं आणि यायचं. हेमचंद्रला दुसरं काही नको होतं. बारा वर्षांच्या कडीला उत्तर म्हणून त्याला एकदाच, आईच्या डोळ्यांदेखत, अख्खी गाडी उभी करायची होती.

बुधवारी दुपारी आईंनी पूजा मांडली. हळदकुंकू, नारळ, चार लिंबं. पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवली, मागच्याखाली एक, आणि चौथं हातात घेऊन त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. मग आणखी एक मारली.

"हेमू, चौथं कुठाय?"

"चौथं काय?"

"चाक."

"आई, चाकं तीनच आहेत."

"ते दिसतंय मला. आत्ता तीन आहेत. चौथं पोस्टानं यायचंय ना?"

हेमचंद्रच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. उन्हाळाभर ही बाई याच गाडीपाशी बसून होती. पण या घरात गाडी खोक्यांतून येत होती. दिवे आले तेव्हा काच आली नव्हती, काच आली तेव्हा दारं आली नव्हती. चौथं चाक मागे राहिलं असेल, यात आईंना काहीच वावगं वाटलं नव्हतं.

"ही तीनचाकीच आहे, आई. डिझाइनच तसं आहे."

"तीन तिगाडा काम बिगाडा," आई म्हणाल्या आणि लिंबू ताटात ठेवलं. "तिघं मिळून कुणी मुलगी बघायला जात नाही. गेलेच तर चौथी सुपारी घेतात बरोबर. मी नाही बसायची."

"रिक्षा नाही का तीन चाकांची?"

"रिक्षा मी केली नाही. हिची लांबी मी कालवलीय."

रेखा म्हणाली, "अहो, एवढं काय, एक सुपारी ठेवा ना सीटखाली."

"माणसं तीन असली तर सुपारी. चाकं तीन असली तर चाकच लागेल," आईंनी निकाल दिला. "नावाला असलं तरी चालेल. मागे दोऱ्यानं बांध."

सुलेखा कोपऱ्यातल्या मोडक्या गवतकापणी यंत्राचं वीतभर चाक काढून घेऊन आली. आईंनी ते धुतलं, त्यावर स्वस्तिक काढलं, लाल दोरा आणला. इथे गोष्ट संपली असती. दोऱ्याने लोंबकळणारं चाक बघून कुणी चार मोजली नसती.

पण हेमचंद्र इंजिनिअर होता. आपल्या गाडीला काहीतरी दोऱ्याने लोंबकळतंय, हे त्याला सहन होईना. करायचं तर नीट. त्याने पोलादाची पट्टी वाकवून ब्रॅकेट केला, स्प्रिंग बसवली, कडीच्या खात्यातून आणून ठेवलेलं एक सीलबंद बेअरिंग घातलं आणि ते चाक मागच्या चाकाच्या शेजारी असं बसवलं की ते जमिनीला टेकावं आणि लोण्यासारखं फिरावं. आईंनी चौथं लिंबू त्याच्याखाली ठेवलं. हेमचंद्रने गाडी वीतभर पुढे ढकलली. चारही लिंबं फुटली.

गाडीला नंबर नाही म्हणून गुरुवारी हेमचंद्रचा मित्र नरेंद्र आपला ट्रक आणि बोटीचा ट्रेलर घेऊन आला. हा नागपूरचा, हृदयाचा डॉक्टर, तळ्यात बोट चालवण्यापेक्षा ट्रेलर लोकांना उसना देण्यात त्याचा जास्त वेळ जायचा.

"काय बे हेमचंद्र, हे लहान मूल कुठून लटकवलं मागे?"

"चौथं चाक आहे."

"कशाला?"

"आईला विचार."

"काकू, कशाला हो?"

"तुझ्या बोटीला किती चाकं?" आईंनी विचारलं.

"बोटीला चाकं नसतात, काकू."

"मग तू बोलू नकोस."

गाडी ट्रेलरवर चढवून आई, रेखा, सुलेखा सगळेच निघाले. वाहन नोंदणी कचेरीच्या मागच्या अंगणात तपासनीस वॉल्टर क्रोल उभे होते. पोट मोठं, मिशा पांढऱ्या, हातात फळी आणि फळीवर कागद. मोटरसायकल शिकणाऱ्यांच्या परीक्षेसाठी अंगणभर नारिंगी शंकू मांडलेले. गाडी ट्रेलरवरून उतरवली तेव्हा क्रोलनी शीळ घातली. दिवे बघितले, पास. ब्रेक बघितले, पास. सांगाड्याची वेल्डिंग हाताने चाचपून म्हणाले, "हे घरी केलं? माझ्या मेव्हण्याला दाखवा, तो वर्कशॉप चालवतो." हेमचंद्र दोन इंच उंच झाला. मग क्रोल मागे गेले, खाली वाकले, आणि त्यांचं पेन्सिल धरलेलं बोट हवेत हलू लागलं. एक, दोन, तीन. थांबलं.

"हे काय आहे?"

"ते धार्मिक आहे," हेमचंद्र म्हणाला.

"जमिनीला टेकतं?"

"टेकतं."

"फिरतं?"

आता 'जरासं' म्हणायला काय हरकत होती? 'अडकतं' म्हणता आलं असतं. पण प्रश्न बेअरिंगचा होता.

"सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरतं," हेमचंद्र म्हणाला. "हात लावून बघा. आवाज येतो का सांगा."

क्रोलने चाक फिरवलं. आवाज आला नाही. "झकास," ते म्हणाले. "म्हणजे हे चाक आहे. म्हणजे चार झाली. म्हणजे ही मोटार. माझ्या कागदावर मोटरसायकल लिहिलंय." त्यांनी कागदावर काट मारली. "मोटारीला धडक झेलणारा बंपर लागतो, धूर तपासावा लागतो, आणि अजून बरंच लागतं. यादी आत आहे. जाड आहे."

"एक मिनिट. एक मिनिट हं." हेमचंद्रने खिशातून पाना काढला. दोन बोल्ट. दोन मिनिटांचं काम. नरेंद्र घाई करू लागला, "काढ बे, काढ लवकर!"

"हा माणूस काय म्हणतोय?" आईंनी नातीला विचारलं.

सुलेखाने आपल्या मराठीत सांगितलं, "आजी, तो म्हणतो चौथा चाक काढा, तर पास. नाहीतर नापास."

आई पुढे आल्या. आवाज चढवला नाही. "काढ हेमू. नंबर घे. पण ज्या घटकेला नंबर लागतो ती गाडीची जन्मवेळ. त्या घटकेला तीन असली की पत्रिकेत तिगाडाच. मग तू नंतर दहा चाकं लाव. मी रविवारी विमानतळावर रेखाच्या गाडीतनं जाईन."

"आई, नंबर मिळाला नाही तर तुला रस्त्यावर नेताच येणार नाही!"

"ते तुझ्या सरकारला सांग."

"पुढची तारीख कधीची मिळेल?" हेमचंद्रने क्रोलला विचारलं.

"सहा नोव्हेंबर."

आई तोवर महाडात. पाना बोल्टवर बसला होता. नुसतं मनगट फिरवायचं होतं. फिरवलं तर गाडीला नंबर मिळणार आणि शेजारची सीट रिकामी. नाही फिरवलं तर आई तयार आणि रस्ता बंद. हेमचंद्र गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. शेवटी त्याने पाना काढला आणि सवयीने आईच्या हातात दिला. आईंनी तो पदराने पुसला.

क्रोलने कागदावर लिहिलं: चार चाकं, मोटार, नामंजूर. खाली सही, वेळ अकरा चाळीस. "माफ करा," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग डबा खायला आत गेले.

अंगणात कुणी नव्हतं. आईंनी शंकूंकडे बघितलं.

"हा रस्ता आहे का रे?"

"नाही. हे कचेरीचं अंगण."

"मग इथे नंबर कशाला लागतो?"

"वेडी झालीस का, आई?"

"बस," आई म्हणाल्या आणि दार उघडून आत बसल्याही. लॉक लागल्याचा आवाज झाला. "छान लागतं हे," त्या म्हणाल्या.

हेमचंद्रने नरेंद्रकडे बघितलं. नरेंद्रने आकाशाकडे बघितलं. रेखा म्हणाली, "जा हो. मी काही बघितलं नाही."

त्याने हेल्मेट घातलं आणि दुसरं आईंना दिलं. ते अंबाड्यावर बसेना. आईंनी ते मांडीवर घेतलं आणि त्यात नारळ ठेवला. इंजिन भुंकलं, आणि झेंडूच्या रंगाची ती वस्तू सुटली. शंकूंमधून डावीकडे, उजवीकडे, मोठ्या आठाच्या आकड्यात. आईंनी एका हाताने नारळ धरला होता आणि दुसऱ्या हाताने दाराची चौकट. "पळव!" त्या ओरडल्या. महाडच्या त्या बाईने आयुष्यात कुणाला पळव म्हटलं नव्हतं. हेमचंद्रने पळवली. सुलेखा उड्या मारत होती. दुसरा आठ जरा मोठा झाला, वळण जरा रुंद झालं, आणि गाडी सरळ कचेरीच्या भिंतीसमोर जाऊन थांबली. नाक खिडकीच्या काचेपासून चार बोटांवर.

आता मागे घ्यायची होती. पण मोटरसायकलीच्या इंजिनला रिव्हर्स नसतो. दोन चाकांच्या गाडीवर माणूस पाय टेकून मागे सरकतो. इथे पायाखाली फायबरग्लास. आणि काचेच्या पलीकडे, सँडविचचा घास तोंडाशी धरून, वॉल्टर क्रोल बसले होते.

आईंनी त्यांना नमस्कार केला.

क्रोल तोंड पुसत बाहेर आले. हातात दंडाच्या पावत्यांचं पुस्तक.

"तुम्ही काय केलंत, कळतंय का?"

"कळतंय," हेमचंद्र म्हणाला. "माझी आई रविवारी परत जातेय."

क्रोलने आईंकडे बघितलं आणि पुस्तक काखेत मारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऐका. ही मोटार असेल तर तुम्ही बिनानंबरची मोटार चालवलीत, आणि मला ती आत्ताच्या आत्ता जप्त करावी लागेल. मोटरसायकल असेल तर परीक्षेच्या या अंगणात तिला नंबर लागत नाही, मागच्या सीटवाल्या बाईंनी हेल्मेट घातलं नाही, एवढाच गुन्हा. काय लिहू?"

"शेजारची सीट आहे, मागची नाही," हेमचंद्रच्या तोंडून गेलंच.

"अहो, तुम्ही गप्प बसा!" रेखा लांबून ओरडली. "मोटरसायकल! मोटरसायकल लिहा!"

क्रोलने लिहायला घेतलं. बाईंचं नाव. पत्ता. "महाड? मिशिगनमध्येच ना?" नाही म्हटलं. वाहन, मोटरसायकल. रंग, नारिंगी.

"बनवणारी कंपनी?"

बारा वर्षं त्याने दुसऱ्याच्या नावाच्या गाड्यांची दारं लावली होती.

"बनवणारा कोण?" क्रोलने पुन्हा विचारलं.

"पोतनीस," हेमचंद्र म्हणाला, आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

"मॉडेल?"

"पहिलंच आहे."

क्रोलने पुढे एक असा आकडा घातला, वेळ लिहिली, बारा, आणि पिवळा कागद फाडून खिडकीतून आत आईंच्या हातात दिला. नरेंद्र, रेखा आणि क्रोल अशा तिघांनी मिळून गाडी मागे ढकलली. चौथी सुलेखा आली, आजीनेच हाक मारून बोलावलं तिला.

"काय दिलंय हे?" आईंनी वाटेत विचारलं.

"दंड आहे, आई. तुला."

"आणि हे इथे काय लिहिलंय?"

"बनवणाऱ्याचं नाव."

"सरकारनं लिहिलं?"

"सरकारनं."

आईंनी कागदाची घडी न घालता तो पिशवीतल्या पोथीत सपाट ठेवला. महाडला गेल्यावर त्यांनी तो काचेत बसवला आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला नाव वाचून दाखवलं. दंड कशाबद्दल, हे कुणी विचारलं नाही. नोव्हेंबरात मात्र तुमच्या कचेरीची नोटीस थेट महाडच्या पोस्टात पोचली. मोटरसायकलस्वार सुमित्रा पोतनीस, वय अडुसष्ट, यांनी तारखेला हजर न राहिल्याबद्दल खुलासा करावा. पोस्टमनने ती चौकात वाचली. आईंशी तेव्हापासून भाजीवाल्यासुद्धा बिचकून बोलतात.

क्रोलला यात ओढू नका, साहेब. तो माणूस होता, त्याने वाट काढली. खुलासा तुम्ही करा, नियम तुमचा आहे. दोन कागद आहेत. दोन्ही तुमच्या कचेरीचे, एकाच दिवसाचे, एकाच सहीचे. अकरा चाळीसचा कागद म्हणतो, चार चाकं, मोटार, म्हणून नंबर नाही. बाराचा कागद म्हणतो, मोटरसायकल, म्हणून अडुसष्ट वर्षांच्या बाईला दंड. मधल्या वीस मिनिटांत गाडीला कुणी पाना लावला नाही. मग कुठलं चाक कमी झालं? पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं, की स्वस्तिकवालं? बोट ठेवून सांगा. लेखी सांगा. आणि या वेळी खाली नाव घाला.